पेटीच्या घरची लाइट

पडेगावच्या फार्महाउसवर तनुजाला बोलावलं होतं ते फक्त तिच्या बोटांसाठी. ऋतुराज क्षीरसागरनं फोनवर तसं स्वच्छ सांगूनच टाकलं होतं.

"अ‍ॅम्प माझे, माइक माझे, कॅमेरे माझे. तुम्ही फक्त यायचं आणि वाजवायचं. तीच धून, तीच गिटार, तेच हात. म्हणजे जो काही फरक ऐकू येईल तो अ‍ॅम्पचाच असेल."

ऋतुराज मूळचा पुण्याचा, शेंद्र्याच्या एका कारखान्यात बड्या हुद्द्यावर. त्याला नाद होता जुन्या व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्पचा. गिटारचा आवाज मोठा करणारी, ट्रान्झिस्टर घरोघरी यायच्या आधीची ही यंत्रं. आत काचेच्या नळ्या असतात. चालू केलं की त्या लालसर पेटतात, तापतात आणि मगच आवाज द्यायला लागतात. असले तीन अ‍ॅम्प त्याच्याकडं होते: एक अमेरिकन फेंडर आणि दोन विलायती, व्हॉक्स आणि मार्शल. इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ बघणारी मंडळी देशभर होती. आता तिन्ही एका ओळीत मांडून, समोर जाणकार श्रोते बसवून, रीतसर तुलना करायची असं त्यानं ठरवलं होतं. आणि वाजवायला शहरात तनुजा ठोंबरेसारखे हात दुसरे नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

"येते," तनुजा म्हणाली. "पण माझी पेटीपण ओळीत बसेल. चौथी."

"कुठल्या कंपनीची?"

"कंपनी नाही. तात्यासाहेब ठोंबरे, बिडकीन."

ऋतुराज हसला. वाईट नव्हता तो माणूस. हसणंही कुत्सित नव्हतं. "आणा, आणा. लोकांना गंमत वाटेल."

'गंमत' हा शब्द तनुजाला खटकला, पण होकार मिळाला होता. तेवढा तिला पुरे होता.

पेटी म्हटलं की लोकांना हार्मोनियम वाटायची. ही लोखंडाची होती, राखाडी रंगाची, दोन माणसांनी धरून उचलावी अशी. तनुजाचे मोठे चुलते तात्यासाहेब यांचा बिडकिनात पूर्वी लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, जत्रा, निवडणूक, कुठंही भोंगा लागला की तो तात्यांचा. नव्या जमान्यातली हलकी यंत्रं आली तेव्हा त्यांनी व्हॉल्व्हचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर मोडीत काढायला ठेवून दिला होता. तनुजा शाळेत असताना तिनं गिटारचा हट्ट धरला. गिटार कशीबशी आली, पण तिचा आवाज ऐकू येणार कशातून? तात्यांनी तो जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडला, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा स्पीकर त्याला जोडला, आणि पुतणीला समोर बसवून तिच्या कानांना बरं वाटेपर्यंत आतल्या तारा बदलत राहिले.

गावाला हे पचलं नाही. ठोंबऱ्यांच्या घरात जमीन होती, मान होता, आणि पोरगी ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायला निघाली. "पोरी लग्नात बोहल्यावर उभ्या राहतात, ही मांडवाच्या कोपऱ्यात उभी राहायली," असं बायका तिच्या आईला ऐकवायच्या. तनुजा कोपऱ्यात उभी राहिली नाही. ती स्टेजच्या मधोमध उभी राहिली. आता ती चाळिशीला टेकली होती. आठवडाभर शहरातल्या एका शाळेत संगीत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात वाजवायची. ऑर्केस्ट्रातल्या बाकीच्यांनी केव्हाच पायाशी ठेवायची डिजिटल यंत्रं घेतली होती. एका यंत्रात शंभर अ‍ॅम्पचे आवाज, वजन चपलेच्या जोडाएवढं. तनुजानं पेटी सोडली नाही. पेटीचा आवाज जाड होता, उबदार होता. तार जोरात छेडली की आधी किंचित दबून मग फुलून वर येणारा. बिडकीन, चितेगाव, ढोरकीन, कुठल्याही मांडवात लोक डोळे मिटूनसुद्धा ओळखायचे, की ठोंबऱ्यांची पोरगी वाजवायली.

पण गेली दोन-अडीच वर्षं पेटी आखडली होती.

शब्द तात्यांचाच. आवाज यायचा, पण त्यातला तो दबून फुलण्याचा गुण गेला होता. कोरडा, ताठ, अंगावर येणारा आवाज. तात्यांनी व्हॉल्व्ह बदलून पाहिले, कपॅसिटर बदलले, स्पीकरचा कागद तपासला. फरक शून्य. शहरातल्या हॉलमध्ये पेटी पूर्वीही थोडी ताठच वाजायची, पण तेव्हा तनुजा हॉलला दोष द्यायची. आता घरच्या पडवीतसुद्धा तेच. शेवटी तिनं मनातल्या मनात कबूल करून टाकलं होतं, की दोष बोटांचा असणार. वय झालं असेल. ही गोष्ट ती कुणाला बोलली नव्हती.

आणि तरीही तिनं पेटी ओळीत बसवायचा हट्ट धरला होता. आखडली असली तरी ती परक्यांच्या ओळीत उभी राहील एवढी नक्कीच आहे, असं तिला वाटत होतं.

रविवारी सकाळी चुलत भावाच्या टेम्पोतून पेटी पडेगावला आली. फार्महाउसचा हॉल मोठा होता. भिंतींना आवाज शोषणारे पडदे लावलेले, खुर्च्यांवर चाळीस-पन्नास माणसं: गिटार शिकणारी मुलं-मुली, दोन बँडवाले, वाद्यांच्या दुकानाचे मालक, कारखान्यातले ऋतुराजचे सहकारी. एका बाजूला फ्रिजएवढा स्टॅबिलायझर घरघरत होता. ऋतुराजनं त्याच्यावर थाप मारून सगळ्यांना दाखवला.

"इथल्या विजेचा भरवसा नाही, म्हणून हा. दोनशे तीस व्होल्ट म्हणजे दोनशे तीस, काटा हलणार नाही. तुलना समान अटींवर झाली पाहिजे."

फेंडरच्या शेजारी जमिनीवर आणखी एक जड ठोकळा होता. अमेरिकेतली वीज आपल्यापेक्षा निम्म्या दाबाची, म्हणून फेंडरला त्या दाबाची वीज करून देणारा तो ट्रान्सफॉर्मर. तनुजानं तो पाहिला आणि गिटार जुळवायला घेतली.

आधी फेंडर. तनुजानं ठरलेली धून वाजवली, मग आधाराला चार भरीव सूर. आवाज स्वच्छ, खाली भरदार, वर लखलखता आणि मध्ये मोकळी जागा सोडलेला. कांजी करून कडक इस्त्री केलेल्या पांढऱ्या धोतरासारखा, एक सुरकुती नाही. तिला तो मनापासून आवडला. मग व्हॉक्स. हा वेगळ्याच जातीचा. प्रत्येक सुराच्या कडेला काचेच्या बांगड्यांसारखी किणकिण; हलकं वाजवा तर गोड, जोरात वाजवा तर लगेच चिडून ओरखडे काढणारा. मग मार्शल. त्याच्यात लाजणं-मुरडणं नव्हतं. छाती पुढं काढून, आठवड्याच्या बाजारात हाक मारणाऱ्या माणसासारखा थेट मध्यावरून बोलणारा. चार सूर एकदम छेडले तरी एकेक सूर आपलं नाव सांगत होता. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. तनुजालाही वाजवताना हातांना पंख फुटल्यासारखं झालं होतं.

मग पेटी.

पहिल्याच सुरात तिला कळलं. त्या तिघांच्या मागोमाग पेटी म्हणजे कालची ज्वारीची भाकरी. ताठ, कोरडी, दाताला लागणारी. तिनं बोटं हलकी केली, मग जड केली, कळ फिरवून पाहिली. पेटी तशीच. मागच्या खुर्चीवर कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं.

ऋतुराज कॅमेऱ्याकडं वळून म्हणाला, "देशी जुगाडाचं कौतुक आहेच. भोंग्याच्या अ‍ॅम्पमधून एवढं निघतं हीसुद्धा कमाल. पण टोनचा विचार केला तर हा या ओळीतला नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. चहा घेऊ या. नंतर दुसरी फेरी, मोठ्या आवाजात."

तनुजाला राग आला तो त्याच्या बोलण्याचा नाही. त्याच्या जागी ती असती तर तिनंही पेटीला शेवटचाच नंबर दिला असता. राग होता तो याचा.

लोक चहाला गेले. तनुजानं चुलत भावाच्या मदतीनं पेटी उचलून मागच्या पडवीत आणली. दुसऱ्या फेरीत तिला परत हसं करून घ्यायचं नव्हतं. टेम्पो वळवायला भाऊ गेला तेवढ्यात पडवीच्या भिंतीवर तिला एक पॉइंट दिसला. जाण्याआधी एकटीनं, कुणी ऐकत नसताना, एकदा वाजवून पाहावं असं तिला वाटलं. आपली बोटं खरंच गेली का, हे तिला स्वतःच्याच कानांनी ठरवायचं होतं.

नळ्या तापल्या. तिनं वाजवलं. तोच ताठ आवाज.

कुंपणापलीकडं शेत होतं. डोक्याला पदर घट्ट बांधलेली एक बाई बांधावरून ओरडली. ती भागूबाई, शेजारच्या वावराची मालकीण.

"ओ ताई! थ्री फेज आलीया. म्या मोटर चालू करू का? तुमच्या त्या डब्याला काय व्हनार तर नाय ना?"

"करा, मावशी. आमच्या डब्यापायी तुमचं पीक कामून वाळवता?"

भागूबाई हसली आणि तिनं खटका ओढला. तिची मोटर घुमली. आसपासच्या वावरांतल्या मोटरीही त्याच सुमाराला एकामागून एक सुरू झाल्या, कारण वीज सगळ्यांनाच आली होती. पडवीतला पिवळा दिवा मंदावला, लाल झाला. तनुजाचा हात तारांवर चालूच होता.

आणि पेटी सैल झाली.

आधी तिला वाटलं भास आहे. मग तिनं खालची जाड तार जोरात छेडली. सूर दबला, क्षणभर श्वास रोखल्यासारखा थांबला आणि मग फुलून वर आला. कडा गोल झाल्या. मध्यावर मधासारखा दाटपणा आला. तिच्या अंगावर सरसरून काटा उभा राहिला. हाच तो आवाज. शाळेतून आल्यावर पडवीत बसून वाजवायची तेव्हाचा, मांडवातल्या थकलेल्या जनरेटरवरचा. बोटं कुठंही गेली नव्हती. बोटं जागेवर होती.

तिनं दिव्याकडं पाहिलं, मग पेटीकडं, आणि तात्यांना फोन लावला. तात्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ओरडूनच बोलावं लागलं.

"तात्या! पेटी बनवली तवा घरी लाइट कशी असायची?"

"कशी म्हंजी? असायची हेच लई."

"तसं नाय. बल्ब कसा पेटायचा?"

"निखाऱ्यावानी! समद्या मोटरी आपल्याच डीपीवर. संध्याकाळी तर निस्ता लाल धागा दिसायचा. पूर्ण लाइट कवा होती गं आपल्याकडं?"

"मग पेटी तुम्ही त्या लाइटवर लावली?"

"तर काय मुंबईच्या लाइटवर लावू? जी घरात हाय तिच्यावरच लावनार ना." तात्यांच्याही डोक्यात उजेड पडत होता. "आन हे कारखान्यांसाठी नवं सबस्टेशन झालं, तवापसनं..."

"तवापसनं आपल्याकडं फुल लाइट. आन तवापसनंच पेटी आखडली."

"आयला!" तात्या म्हणाले. "आन म्या येड्यावानी व्हॉल्व्ह बदलत बसलो."

तनुजा हॉलमध्ये आली तेव्हा लोक परत खुर्च्यांवर बसत होते. ती सरळ ऋतुराजपुढं जाऊन उभी राहिली.

"दुसऱ्या फेरीत माझी पेटी मागच्या पडवीतल्या पॉइंटवर लावायची. स्टॅबिलायझरवर नाही."

"का?"

तिनं सांगितलं. पेटी कमी दाबाच्या विजेवर जुळवलेली आहे, पूर्ण विजेवर ती तिचा आवाज देत नाही. ऋतुराजनं लक्ष देऊन ऐकलं, मग मान हलवली.

"शक्य आहे. कमी व्होल्टेजवर अ‍ॅम्पचा आवाज लवकर फाटतो, मऊ होतो, हे मलाही माहीत आहे. पण मग ती तुलना राहत नाही. सगळ्यांना एकच वीज, हा नियम आहे."

"सगळ्यांना एकच?" तनुजानं फेंडरशेजारच्या ठोकळ्याकडं बोट केलं. "मग हे काय आहे?"

"तो ट्रान्सफॉर्मर. त्याच्याशिवाय फेंडर जळून जाईल. तो अमेरिकेतल्या विजेसाठी बनलाय."

"म्हणजे त्याला तुम्ही त्याच्या घरची वीज करून देता. मुद्दाम, जड ठोकळा आणून. मग माझ्या पेटीला तिच्या घरची वीज का नाही?"

खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. ऋतुराजचा चेहरा किंचित लाल झाला.

"तनुजाताई, अमेरिकेचं व्होल्टेज हे एक स्टँडर्ड आहे. बिडकीनला जी वीज यायची ते स्टँडर्ड नव्हतं. तो पुरवठ्यातला दोष होता."

"दोष असेल. आम्ही त्याच दोषात जन्मलो, अभ्यास केला, गाणं शिकलो. माझ्या काकांनी त्या दोषावर कान लावून एक आवाज घडवला. तुम्ही तो आवाज न ऐकता त्याला शेवटचा नंबर दिलाय."

"मी शेवटी एक छोटी क्लिप घेतो ना. वेगळी. 'एक प्रयोग' म्हणून."

"शेवटी नको आणि वेगळी नको. ओळीत."

"ते जमणार नाही."

तनुजानं गिटारचा पट्टा खांद्यावर सरळ केला. "मग दुसरी फेरी तुम्हीच वाजवा. माझे हात माझ्या पेटीबरोबर आले होते, तिच्याबरोबरच जातील."

ती मागं न बघता निघाली. पडवीत दिवा लालच होता. तिनं आवाजाची कळ वर केली आणि वाजवायला लागली. ठरलेली धून नाही. मांडवात नवरदेव दारात आला की वाजवायची तसली, छाती ठोकून वाजवायची चाल. पेटी गुरगुरली, दबली, फुलली. भागूबाई पाणी धरायचं सोडून बांधावर उभी राहिली.

आत ऋतुराजनं फेंडरवर सुरुवात केली होती. तो बरा वाजवायचा. पण भिंतीतून पेटीचा आवाज येत होता आणि माणसं मान वळवून मागं बघायला लागली होती. आधी शिकणारी दोन मुलं उठली. मग एक बँडवाला. मग वाद्यांच्या दुकानाचे मालक, उठू की नको करत. निम्मी माणसं पडवीत आली. निम्मी जागची हलली नाहीत. काहींच्या तोंडावर ही काय आडमुठी बाई असा भाव होता, आणि तो तनुजाला नीट दिसत होता. तिनं आवाज आणखी थोडा वाढवला.

थोड्या वेळानं ऋतुराज तरातरा बाहेर आला.

"बंद करा. रेकॉर्डिंगमध्ये येतंय हे."

"येऊ द्या."

"तनुजाताई, मी विनंती करतोय."

"मीही विनंतीच केली होती."

ती थांबली नाही. ऋतुराज कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रागावला होता, पण कानाचा खोटा नव्हता. एका लांबवलेल्या सुरावर त्याची मान नकळत तिरकी झाली, आवाज पकडू पाहणाऱ्या माणसाची होते तशी. तो आत गेला, मीटर घेऊन आला आणि पॉइंटमध्ये त्याच्या तारा खुपसल्या.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," तो स्वतःशीच म्हणाला. मग तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढ्या कमी विजेवर नळ्या लवकर खराब होतात."

"होऊ द्या. बदलू. आवाज बदलून मिळत नाही."

त्यानं मीटरच्या तारा काढून घेतल्या. आत गेला तो परत आला नाही. मोटरी चालू होत्या तोवर तनुजा वाजवत राहिली आणि मग पेटी टेम्पोत चढवून निघून आली.

व्हिडिओ आला त्यात तीनच अ‍ॅम्प होते. पेटीचं नावसुद्धा नव्हतं. शाळेतल्या एका शिक्षिकेनं तनुजाला विचारलं, "तू कशाला भांडलीस गं? एवढ्या लोकांपर्यंत पोचली असतीस." तनुजा म्हणाली, "शेवटच्या नंबरावर पोचले असते. त्यापेक्षा घरी बरी."

पण घरी एक काम उरलं होतं. शहागंजाच्या बाजूला मोटर वाइंडिंग करणाऱ्या एका दुकानातून तिनं वापरलेला डिमरस्टॅट आणला. गोल, जड यंत्र. वरची मूठ फिरवली की वीज हवी तेवढी कमी करून मिळते. बिडकीनच्या पडवीत पेटीला तो जोडला. तात्या खाटेवरून उठून खुर्चीवर आले आणि मुठीवर त्यांनी स्वतःचा हात ठेवला. कानाला लावायचं यंत्र त्यांनी काढून ठेवलं. त्याऐवजी दुसरा तळहात पेटीच्या पत्र्यावर पसरून ठेवला.

"वाजव."

तनुजा वाजवत राहिली, तात्या मूठ हळूहळू मागं फिरवत राहिले. एका जागी त्यांचा हात थांबला. तळहाताला जे कळलं ते त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर सावकाश पसरलं.

"हां. आता घरी आली."

पुढच्या लग्नसराईत पेटी डिमरस्टॅटसकट मांडवात गेली. साउंडवाली पोरं विचारायची, "ताई, फुल लाइट हाय की हितं, कमी कामून करायल्या?" तनुजा म्हणायची, "ऐका आधी." ऐकल्यावर बहुतेक जण गप्प व्हायचे. जे गप्प झाले नाहीत त्यांच्याशी ती वाद घालायची, आणि तिला त्यात मजा यायला लागली होती. ऑर्केस्ट्राच्या मालकानं एकदा डिजिटल यंत्राचा विषय काढला, तर ती म्हणाली, "त्यात शंभर अ‍ॅम्प आहेत ना? बिडकीनचा शोधून दाखवा." मालकानं विषय पुन्हा काढला नाही.

पावसाळा सरता सरता ऋतुराजचा फोन आला.

"तनुजाताई, तो आवाज डोक्यातून जात नाही," तो जरा चाचरत म्हणाला. "मी दुसरा भाग करतोय. पेटी ओळीत, तिच्या व्होल्टेजवर. तुम्ही वाजवाल?"

"वाजवीन. पण ओळ बिडकिनात लागेल. आमच्या पडवीत."

"माझे अ‍ॅम्प इतके जुने आहेत. पैठण रोडचं काम चाललंय, हादरे बसतील."

"माझी पेटी तुमच्यापर्यंत आली होती. टेम्पोत. तीही जुनीच आहे."

मग तो म्हणाला, "व्हॉक्स आणि मार्शल आणतो. फेंडर राहू दे."

"चालेल."

तो आला तेव्हा पडवीत गाव जमलं होतं. तनुजाच्या आईला एके काळी ऐकवणाऱ्या बायकाही पुढच्या सतरंजीवर जागा धरून होत्या. तात्या पांढरा फेटा बांधून पेटीशेजारी बसले होते आणि ऋतुराज पेटीला हात लावायला गेला की त्याच्याकडं बघत होते. विलायती अ‍ॅम्पना पूर्ण वीज, पेटीला डिमरस्टॅट. तनुजानं तिन्ही वाजवले. व्हॉक्सची किणकिण पेटीत नव्हती, आणि तनुजानं ते कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगितलं: "हळू, गोड वाजवायचं असेल तर मी ह्यांचा व्हॉक्स मागून नेईन." चार सूर एकदम वाजवले तर मार्शलमध्ये ते वेगवेगळे कळायचे, पेटीत एकमेकांत मिसळायचे, तेही तिनं सांगितलं. पण एक सूर लांबवून धरायचा, तो दाबून फुलवायचा, त्याला रडवायचं आणि रडता रडता दमात घ्यायचं, तिथं पेटीच्या जवळपास दुसरं कुणी येत नव्हतं. समोरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

ऋतुराज कॅमेऱ्याकडं वळला. "तर मित्रांनो, आपण ऐकला सदोष वीजपुरवठ्यावर चालणारा..."

"थांबा," तनुजा म्हणाली. "सदोष नाही. पुन्हा म्हणा."

कॅमेरावाल्यानं ऋतुराजकडं पाहिलं. ऋतुराजनं तनुजाकडं. तिनं गिटारवरचा हात हलवला नाही आणि नजरही नाही.

"बरं. पुन्हा घेऊ." त्यानं घसा साफ केला. "आपण ऐकला कमी दाबाच्या..."

"कमी कुणापेक्षा?"

तात्यांना शब्द ऐकू आले नसावेत, पण पुतणीचा चेहरा त्यांना वाचता येत होता. त्यांनी काठी जमिनीवर एकदा आपटली. सतरंजीवरची एक म्हातारी म्हणाली, "व्हय, नीट सांग की रे पोरा, कुठली लाइट ती!"

ऋतुराजला हसू फुटलं. हसता हसता त्यानं कपाळावरचा घाम पुसला, कॉलर सरळ केली आणि कॅमेऱ्याला पुन्हा सुरू करायची खूण केली.

"आपण ऐकलात," तो सावकाश म्हणाला, "बिडकीनच्या विजेवरचा आवाज."

"आता बरोबर," तनुजा म्हणाली, आणि त्याचं पुढचं वाक्य पुरं व्हायची वाट न पाहता तिनं तार छेडली.